विषय क्रमांक चार

आमच्याकडे ओढ्याला नांत म्हणतात, नदीला अवॉन.
ग्वेर्नान या दोघांतली कोण, हे ठरवायला
चॅपलच्या मागच्या खोलीत, फेब्रुवारीत,
एका हीटरभोवती आम्ही अकरा माणसं बसलो होतो.
काउन्सिलला पुलावर पाटी लावायची होती.
खांब आधीच रोवून झाला होता.

इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे.
विषय एक, दोन, तीन :
बसथांब्याचं छप्पर, शाळेत उरलेली नऊ मुलं,
लोकरीचा पडलेला भाव.
तिन्हींवर एकमत झालं, म्हणजे सगळे गप्प बसले.
मग चौथा निघाला
आणि हेदविनने टोपी काढली.

हेदविन वरच्या गावचा, ब्लाइनचा.
आयुष्यभर गडगे रचलेला माणूस,
शब्दही हातात फिरवून बघतो आणि मगच बसवतो.
"मी तिला एका ढांगेत ओलांडतो," तो म्हणाला,
"बूट न भिजवता.
नदी काय ढांगेत मावते?"

खालच्या आबेरची मेइनिर हसली.
तिच्या स्वयंपाकघरात, फ्रीजच्या वर वीतभर,
भिंतीवर एक तपकिरी रेघ आहे,
तीनदा रंग देऊनही परत वर येणारी.
"ये ना," ती म्हणाली, "नोव्हेंबरात.
येताना ढांग घेऊन ये."

दोन गावांत अंतर सव्वातीन मैल.
मध्ये मेंढ्या, छप्पर उडालेली लोकरीची गिरणी,
पाण्यात पाय सोडून बसलेली ग्वेर्नची झाडं,
जिच्या अंगावर ती वाढतात तिलाच स्वतःचं नाव देऊन टाकलेली.
आणि एक काळसर, पांढऱ्या छातीचा पक्षी
जो दगडावर उभा राहून दिवसभर उठाबशा काढतो,
कुठल्या गुन्ह्याच्या, कोणास ठाऊक.
तिथेच कुठेतरी, कुठल्यातरी वळणावर,
ओढ्याची नदी होते.
नकाशा म्हणतो, गिरणीपाशी.
मेंढपाळ म्हणतात, मेंढी उतरायला कचरते तिथपासून.

तेव्हा एलुनेद बोलली.
एलुनेद सभेत बोलत नाही,
चॅपलमध्ये गातानाही तिचे ओठ जेमतेम हलतात.
"इथेल नऊ वर्षांचा होता," ती म्हणाली.
"सरकारी कागदावर अवॉन लिहिलंय.
आई मात्र मरेपर्यंत नांतच म्हणाली.
जा, ओढ्यावर खेळ जा, असं तिनेच सांगितलं होतं ना.
नदीवर कोण धाडतं लेकराला?"

हीटर टिकटिकत राहिला.
काउन्सिलच्या पोराने पेनाला टोपण लावलं,
काढलं, लावलं.
हेदविनच्या हातात टोपी होती,
ती त्याने गुडघ्यावर ठेवून सपाट केली,
जणू तिलाच काही झालं होतं.
मेइनिर उठली, कोणी न मागता चहा ठेवायला गेली,
आणि आत बराच वेळ नळ वाहत राहिला.

मी लिहिलं :
विषय चार. चर्चा झाली. निर्णय पुढील सभेत.

पुढच्या सभेत बसथांब्याचं छप्परच
रात्री नऊपर्यंत पुरलं.

खांब अजून उभा आहे.
मेंढ्या त्याला पाठ घासतात,
लोकरीचा एक झुपका तिथे कायम अडकलेला असतो,
ओला असला की राखाडी, वाळला की पांढरा.
शाळेतली मुलं आता सात आहेत.

परवा आबेरला नव्याने राहायला आलेली एक बाई
कुत्रा घेऊन पुलावर थांबली होती.
"नाव काय हिचं?" तिने विचारलं.
"ग्वेर्नान," मी म्हटलं.
ती जरा थांबली,
मागेपुढे आणखी काही शब्द असेल म्हणून.
मी खाली बघत राहिले.
पाणी त्या दिवशी घोट्याएवढंच होतं,
आणि दगडावर त्याच्या उठाबशा चालू होत्या.